आपल्याच गावचे उतारू

आमच्या स्नेहमंडळातील एक वकीलसाहेब, ज्यांच्या वक्तृत्वाचा धाक पस्तीस वर्षे जालन्याच्या कोर्टकचेऱ्यांनी सोसला आणि वकिली आवरती घेतल्यापासून तो आम्हा स्नेह्यांच्या वाट्यास आला आहे, त्यांनी गेल्या कोजागिरीस, गच्चीवर दूध आटत असताना, आमच्या रविवारच्या भटकंतीसंबंधी एक सविस्तर फैसला सुनावला. आरोपी आम्ही चौघे होतो. आरोप असा, की सारा जन्म ज्या गावात गेला त्याच गावात आम्ही महिन्यातून दोन रविवार खांद्याला पिशव्या अडकवून, हातात नकाशा धरून, आत्ताच गाडीतून उतरलेल्या उतारूंसारखे हिंडतो आणि 'हे काय आहे, ते कोणी बांधले' असे प्रश्न लोकांना विचारून स्वतःचे हसे करून घेतो. फैसल्याची कारणे त्यांनी तीन दिली. ती मी आठवतात तितकी प्रामाणिकपणे येथे नमूद करतो, कारण प्रतिपक्षाचे म्हणणे अगोदर पातळ करून मग ते खोडून काढण्यात काही मर्दुमकी नाही.

पहिले कारण, जालन्यात पाहण्यासारखे काही नाही. पाहुणा आला तर आपण त्याला वेरूळ-अजिंठ्यास नेतो, फार तर राजूरच्या गणपतीला किंवा अंबडच्या मत्स्योदरीला नेतो, पण गावात फिरवीत नाही, यापरता दुसरा पुरावा कोणता हवा? दुसरे कारण, जो जेथे जन्मला आणि वाढला त्याला ते गाव ठाऊक असतेच. गाव हे राहून कळते, पाहून नव्हे. आणि तिसरे कारण, ज्यावर त्यांचा आवाज विशेष चढला, ते असे, की ठाऊक असलेली गोष्ट ठाऊक नसल्याचे सोंग आणणे हे रिकामटेकड्या पेन्शनरांचे नाटक आहे, आणि ज्या गावात नळाच्या पाण्याची वाट दिवसेंदिवस पाहावी लागते, त्या गावात हे नाटक नुसते हास्यास्पद नाही, निर्दय आहे.

त्या रात्री मी उत्तर केले नाही. दूध फार सुरेख आटले होते, आणि वकीलसाहेबांच्या गच्चीवर बसून वकीलसाहेबांशी वाद घालणे म्हणजे तहसीलदाराच्या कचेरीत बसून तहसीलदाराविरुद्ध अर्ज लिहिण्यासारखे आहे. परंतु त्यांनी जे बोलून दाखविले तेच मत या गावातील बहुतेकांचे मनोमन आहे, आणि ते मत आमच्या टिंगलीपुरते न राहता गावाच्या भवितव्यास भोवणारे आहे, अशी माझी खात्री असल्यामुळे हे लेखी उत्तर सादर करीत आहे.

आरोपींची ओळख आधी व्हावी. मी स्वतः महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. दुसरे, काद्राबादेत राहणारे उर्दूचे शिक्षक, ज्यांना आम्ही सर म्हणतो. तिसरे, बियाण्यांच्या धंद्यात हयात घालविलेले भाऊ; आणि चौथा, वयाने आम्हा तिघांहून लहान, लोखंडाच्या एका रोलिंग मिलमध्ये फोरमन, त्याला आम्ही फोरमन म्हणूनच हाक मारतो. नियम दोनच आहेत. दर खेपेस एकाने यजमान व्हायचे आणि उरलेल्या तिघांनी परके व्हायचे, आणि 'हे मला माहीत आहे' असे शब्द ज्याच्या तोंडून निघतील त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. पहिल्या दोन महिन्यांत चहाचे सर्वांत अधिक पैसे मीच मोजले, ही कबुली प्रारंभीच देऊन ठेवतो.

आता पहिला मुद्दा. 'पाहण्यासारखे' हा शब्द वकीलसाहेबांनी जितक्या सहजतेने वापरला तितक्या सहजतेने तो मान्य करण्यास मी तयार नाही, कारण तो शब्द म्हणजे शेजारच्या गावाकडून उसना आणलेला गज आहे. वेरूळ हाकेच्या अंतरावर असणे हे जालन्याचे एक दुर्दैव आहे. अखंड डोंगर वरून खाली कोरून काढलेल्या कैलासाच्या मापाने मोजू लागल्यास भरतखंडातील किती शहरे पसंतीस उतरतील? जालना हे लेणे नाही, राजधानी नाही, मोठे क्षेत्रही नाही. ती एक पेठ आहे, आणि जुन्या कागदांत 'जालनापूर' म्हणून तिचा जो उल्लेख येतो तो पेठ म्हणूनच येतो. 'जालना, सोने का पालना' ही म्हण येथील पोरासोरांना पाठ आहे. पण पाळण्यात सोने आले कोठून हे विचारणारा पोर मला अजून भेटावयाचा आहे. पेठ पाहावयाची तर शिल्पे शोधीत फिरू नये. तिचा माल कोणत्या रस्त्याने येई, वजनकाटा कोणाच्या हाती होता, वेशी रात्री कोण लावी, आणि इतक्या माणसांस व जनावरांस पाणी कोठून मिळे, हे पाहावे.

पाण्याचा हा प्रश्नच आम्ही प्रथम घेतला, आणि तो घेताच वकीलसाहेबांचे पहिले व तिसरे कारण एकमेकांस छेद देताना दिसू लागले. कुंडलिका नदीच्या एका तीरावर जालना आणि समोरच्या तीरावर काद्राबाद अशी ही जोडवस्ती. जुन्या काळी जमशेदखान नावाचा जो अंमलदार येथे होऊन गेला त्याने काळी मशीद बांधली, तिच्याजवळ हमाम व सराई बांधली, गावाच्या पश्चिमेस मोती तलाव बांधला, आणि त्या तलावाचे पाणी जमिनीखालून नळ घालून गावातील हौदापर्यंत खेळविले. हे सारे मला शाळेत कोणी सांगितले नाही आणि पुढे नोकरीत असताना विचारण्याचा प्रसंग आला नाही. मोती तलाव मला ठाऊक होता तो गणपतिविसर्जनाची जागा म्हणून. ज्या रविवारी सर यजमान होते, त्या रविवारी त्यांनी आम्हांस तलावाच्या बांधावर उभे केले आणि गावाकडे तोंड करावयास लावून एवढेच विचारले, की इथून काळ्या मशिदीपर्यंत जमीन चढती आहे की उतरती? जन्मभर त्या रस्त्याने सायकल हाकलेल्या मला ते सांगता आले नाही. फोरमनने सांगितले, त्याची नजर लोखंड वाहते कसे हे पाहण्यात तयार झालेली आहे.

मस्तगडाचेही असेच. आसफजाहाच्या हुकुमाने काबिलखानाने १७२५ साली जालन्याचा किल्ला व हा बालेकिल्ला उभारला, तशी नोंद करणारा फारसी शिलालेख तेथे होता, आणि बालेकिल्ल्याच्या पोटात दालने व सज्जे असलेली एक मोठी विहीर आहे, असे गॅझेटिअर नमूद करते. पुढे त्याच जागेत नगरपालिकेच्या कचेऱ्या भरू लागल्या. लहानपणी वडिलांचा हात धरून मी तेथे गेलो होतो तो घरपट्टी भरण्यास. आणि परत येताना वडिलांनी पावतीची घडी नीट करून खिशात ठेवली एवढेच मला आठवते. बालेकिल्ल्यात जाऊन आलो हे त्यांना ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. शहराची तटबंदी कालौघात गेली. मूर्ती दरवाजा आणि हैदराबाद दरवाजा या दोनच वेशी काय त्या तगल्या असल्याचे तेच गॅझेटिअर लिहून ठेवते. आपण त्यांतल्या एकीस मूर्तिवेस म्हणतो आणि तिच्या नावाने भाजी, पत्ता आणि ऑटोरिक्षा या तीन गोष्टी मागतो.

तेव्हा पाहण्यासारखे काही नाही, या म्हणण्याचा अर्थ माझ्या मते एवढाच, की पाहण्याचे काम आपण दुसऱ्यावर सोपविले आणि त्या दुसऱ्याने ते केले नाही.

दुसरा मुद्दा अधिक अवघड आहे, कारण तो खोटा असूनही खऱ्यासारखा दिसतो. राहणाऱ्याला गाव ठाऊक असते, यावर प्रथम माझ्याच नोकरीची साक्ष काढतो. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून तालुके तोडून आणि परभणीकडून परतूर घेऊन जालना जिल्हा झाला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत मी त्या नव्या दप्तरात कारकून म्हणून चिकटलो. आठही तालुक्यांच्या फेरफारांवर माझी अक्षरे आहेत. किती जमिनींच्या चतुःसीमा मी लिहिल्या असतील याची गणती नाही: पूर्वेस अमुक, पश्चिमेस नाला, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस तमुक. परंतु एका रविवारी भाऊंनी चहाच्या टपरीवर सहज विचारले, "साहेब, आपल्या गावाच्या चतुःसीमा काय?" आणि मी गप्प झालो. ज्याने पंचनाम्यावर पंचनामे केले त्याने स्वतःच्या गावाचा स्थळपाहणी अहवाल कधी लिहिला नव्हता. दुसऱ्याच्या मौजे अमुक-तमुकमध्ये मी परका म्हणून जात असे, म्हणून तेथे मला नाला दिसे. जालन्यात मी घरचा होतो, म्हणून कुंडलिकादेखील मला पुलावरची गर्दी एवढ्याच रूपाने माहीत होती.

याहून मोठा दाखला आमच्याच जिल्ह्याच्या उत्तर भागात पडला आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई गावापाशी जी लढाई झाली तिचे नाव विलायतेतील मुलांना पाठ करावे लागले आणि आमच्या मुलांना ते गाव कोणत्या फाट्याने आत जावे हे ठाऊक नाही. शिंदे-भोसल्यांची फौज केळणेच्या पलीकडे, उंच दरडीच्या आड निर्धास्त होती. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीपाशी माणसे फार थोडी. नदी ओलांडण्यास दुसरीकडे कोठे जागा आहे काय, असे त्याने बरोबरच्या स्थानिक वाटाड्यांना विचारले तेव्हा त्यांनी साफ सांगितले, की नाही. वेलस्लीने मात्र पाहिले, की पिंपळगाव आणि वरूड अशी दोन गावे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली आहेत. आणि दोन गावे अशी एकमेकांकडे तोंड करून बसतात ती येण्याजाण्याची सोय असल्यावाचून बसत नाहीत, एवढ्या साध्या अनुमानावर त्याने फौज तिकडे वळविली. उतार होता. त्या दिवशी त्याचे सोळाशेच्या आसपास लोक मेले, जखमी वा बेपत्ता झाले, मराठ्यांच्या ९८ तोफा त्याच्या हाती पडल्या, आणि पुढे वॉटर्लू जिंकून ड्यूक झालेल्या त्या गृहस्थास म्हातारपणी कोणी विचारले, की तुमच्या हातून घडलेली सर्वांत उत्तम लढाई कोणती, तेव्हा त्याने आमच्या असईचे नाव घेतले.

आम्ही चौघे फोरमनच्या गाडीने तेथे गेलो ते पावसाळा ओसरल्यावर. नदीकाठी एक बाई गवताचा भारा बांधीत होती. सरांनी अदबीने विचारले, "मावशी, इथं कुठं उतार आहे का?" तिने मानही वर न करता सांगितले, "उतार? नाही बा. उतार-बितार काही नाही इथं." एवढे बोलून तिने भारा डोक्यावर घेतला, लुगडे गुडघ्यापर्यंत खोचले, आणि आमच्या देखत ती पाण्यात उतरून पलीकडे चालती झाली. पाणी तिच्या पोटरीलाही पुरते लागले नाही. भाऊंनी या काठावरून ओरडून विचारले, "मग हे काय हो?" तिने पलीकडून वळून पाहिले, आणि आमच्या अकलेची कीव आल्यासारखे उत्तर दिले: "ही तर वाट हाये. रोजचीच हाये."

त्या वाटाड्यांना आजवर कोणी मूर्ख ठरविले, कोणी स्वामिनिष्ठ ठरविले. शत्रूला फसवावे म्हणून ते खोटे बोलले असतील तर त्यांना माझा मुजरा. परंतु त्या बाईचे उत्तर ऐकल्यापासून मला तिसरीच शंका येते, की ते खोटे बोललेच नसतील. ज्या पाण्यातून माणूस रोज जातो-येतो त्याला तो उतार म्हणत नाही. उतार हा नकाशावाल्याचा शब्द, राहणाऱ्याची ती नुसती वाट असते. ठाऊक असणे आणि ठाऊक आहे हे ठाऊक असणे यांत जे अंतर आहे, त्या अंतरातून त्या दिवशी परकी फौज नदी उतरली. वकीलसाहेबांच्या दुसऱ्या कारणास माझे उत्तर केळणेच्या काठी पडलेले आहे. त्यांनी सवडीने जाऊन पाहावे.

येथे कोणी म्हणेल, की हे सारे एकट्यानेही करता येईल, मित्रांचा लवाजमा कशाला? सॅव्हॉयचा झेवियर द मेस्त्र नावाचा एक लष्करी अधिकारी १७९० साली तुरीनमध्ये द्वंद्वयुद्धापायी बेचाळीस दिवस घरात स्थानबद्ध असता आपल्याच खोलीच्या प्रवासाचे वर्णन लिहून बसला होता, आणि ते पुस्तक गाजलेही. खोलीस एकटा माणूस पुरतो. गावास पुरत नाही. २०११ च्या खानेसुमारीत जालना शहरात २,८५,५७७ माणसे मोजली गेली, आणि जितकी डोकी तितकी जालनी आहेत. माझे जालने कचेरीपासून घरापर्यंतचे, सरांचे नदीपलीकडचे, फोरमनचे रात्रपाळीचे. त्याच्या खेपेस आम्ही मध्यरात्री मिलमध्ये गेलो. भंगार वितळवून केलेली लोखंडाची कांडी लालभडक होऊन रुळांतून निघते, दर फेरीस बारीक आणि लांब होत जाते, आणि शेवटी सापासारखी सळसळत थंड व्हायला पडते तेव्हा ती बांधकामाची सळई झालेली असते. जालन्याची सळई घरात नाही असे नवे घर आमच्या भागात सापडणे कठीण. पण ती तयार होताना पाहिलेला माणूस त्या घरांत शोधावा लागेल. वकीलसाहेबांच्या गच्चीच्या स्लॅबमध्येही तीच असावी, असा माझा कयास आहे.

भाऊंची खेप याहून शांत होती, आणि मला विचाराल तर सर्वांत मोठी. जालना हे बियाण्यांचे गाव आहे हे सर्वांस तोंडपाठ आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापन केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, या गोष्टी फलकांवर आहेत. फलकावर नसलेली गोष्ट भाऊंनी एका शेतात दाखविली. संकरित कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटमध्ये दुपार कलल्यावर बायका ओळीने जात होत्या, आणि दुसऱ्या दिवशी उमलावयाच्या प्रत्येक कळीची पाकळी नखाने हलकेच सोलून आतले पुंकेसर काढून टाकीत होत्या. कळीला खूण बांधावयाची, आणि सकाळी पुन्हा येऊन दुसऱ्या वाणाच्या फुलाचे पराग त्या उघड्या स्त्रीकेसरावर फिरवावयाचे. हे यंत्राने होत नाही. एका कळीस क्षणभर वेळ लागतो, आणि अशा किती कळ्यांची मिळून एक पिशवी होते हे त्या बाईस विचारले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "मोजायला कुणाला वेळ हाये, भाऊ." भाऊंनी त्या धंद्यात जन्म घालविला, ते म्हणाले, की पावत्या फाडण्याच्या नादात प्लॉटवर निवांत उभे राहिलो ते आज, तुम्हाला दाखवायचे म्हणून. दाखविण्यासाठी म्हणून गेले तेव्हा त्यांना दिसले. मित्र लागतात ते याकरिता.

आता तिसरा आरोप: नाटक. या शब्दाने वकीलसाहेबांनी आम्हांस गारद केल्यासारखे वाटले, आणि गच्चीवर हशाही झाला. मी उलट विचारतो, की हे नाटक आम्ही शोधून काढले काय? दर दसऱ्यास आपण गावाची शीव ओलांडतो, आपट्याची पाने घेऊन परततो, ती सोने म्हणून वाटतो, आणि घरच्या बायका दारात आपल्याला ओवाळतात, जणू काही आपण मुलूख मारून आलो आहोत. वकीलसाहेब स्वतः गेल्या दसऱ्यास चारचाकीतून शीव ओलांडून आले. त्यांनी कोणता मुलूख मारला? धुळवडीस या गावात हत्ती रिसाला निघतो आणि एका दिवसापुरता राजा मिरवितो, त्यावर त्यांनी कधी फैसला दिल्याचे ऐकिवात नाही. आणि आषाढीस जुन्या जालन्यातील आनंदी स्वामींची पालखी गावातून फिरते. स्वामींना गाव ठाऊक नाही म्हणून फिरते, असे कोणी म्हणत नाही. आपल्या मालकीच्या जागेस वर्षातून एकदा बाहेर पडून पाहून यावे, हा रिवाज आमच्याकडे देवालाही चुकलेला नाही.

सोंगाविषयी आणखी एक. १६७९ च्या नोव्हेंबरात शिवछत्रपतींच्या फौजेने जालनापूरची पेठ चार दिवस लुटली, आणि लूट घेऊन परतताना संगमनेरच्या बाजूस मोगली फौजांनी वाट अडविली. तेथून आडवाटांनी सारी फौज सुखरूप पट्टागडास पोचविली ती महाराजांचा हेर बहिर्जी नाईक याने. हा बहिर्जी आपल्याच मुलुखात नाना वेष घेऊन हिंडत असे, अशी परंपरा आहे. वेष न पालटता गावोगाव मिरवला असता तर त्याला मानपान पुष्कळ मिळाले असते आणि वाट एकही कळली नसती.

मात्र 'निर्दय' या शब्दाला मी हसण्यावारी नेणार नाही. त्यात तथ्यांश आहे, आणि तो मान्य करण्यास मला संकोच नाही. मोठ्या शहरांतून हल्ली हौशी मंडळींचे जे तांडे जुन्या वस्त्यांतून फिरतात, दुसऱ्याच्या पडक्या भिंतीला टेकून छायाचित्रे काढतात आणि त्या भिंतीआड राहणारा माणूस चौकटीत आला तर त्याला बाजूला व्हायला सांगतात, त्यांचा मला मनापासून तिटकारा आहे. आमच्यातही फोरमनने पहिल्या खेपेस कुंडलिकेच्या पुलावरून एक छायाचित्र घेतले, ज्यात नदीचे पाणी संध्याकाळच्या उन्हात सोन्यासारखे दिसत होते. त्यात नदीचा वास आला नव्हता. सरांनी ते पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "फोटू सुंदर आहे. पण हे पाणी कुठलं, हे विचारू या का?" मग आम्ही काठाकाठाने चालत निघालो आणि कोणता नाला कोठे नदीत उघडतो ते मोजीत गेलो. रोजचा माणूस त्या पुलावर नाकाला रुमाल लावून पुढे जातो, आणि मीही चाळीस वर्षे तेच केले. परका मात्र थांबून विचारतो, हा वास कशाचा? नदीच्या बाबतीत दयाळू यांतला कोण, हे वकीलसाहेबांनीच ठरवावे.

पाण्याचेही तेच. घाणेवाडीचा निजामी अमदानीतील तलाव जालन्याला पाणी पाजीत आला. तो गाळाने भरत चालला हे तोंडाने सर्वांस ठाऊक होते, परंतु तलावात प्रत्यक्ष उतरून गाळ किती चढला हे पाहणारे जेव्हा निघाले, तेव्हा कोठे नागरिकांच्या पुढाकाराने तो उपसण्याचे काम सुरू झाले आणि शेतकऱ्यांनी तो गाळ आपल्या शेतांत नेऊन टाकला. नळाकडे पाहत बसणारांच्या हातून ते झाले नाही. १ मे १९८१ ला आपण जिल्हा झालो, २०२३ ला महानगरपालिका झालो, त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईची वंदे भारत येथून सुटू लागली, समृद्धी महामार्ग शिवारातून गेला. येथून लवकर बाहेर कसे पडता येईल याच्या सोयी आपल्याला एकामागून एक मिळत आहेत. मी त्यांच्या विरुद्ध नाही; मुलाकडे जाताना मीही त्याच गाडीने जातो.

आणि एक गोष्ट वकीलसाहेबांच्या विचारार्थ ठेवतो, जी त्या रात्री माझ्या जिभेवर येऊन राहिली. या मुलुखाकडे ज्यांनी ज्यांनी बारकाईने पाहिले, त्यांपैकी पुष्कळजण काही तरी नेण्यासाठी आलेले होते. वेलस्लीने नदी पाहिली. १८२७ साली इंग्रजांनी गावाच्या पूर्वेस छावणीची जागा पाहिली, शाहत्तर वर्षे वापरली, आणि १९०३ साली गुंडाळून टाकली. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथे झालेल्या उत्खननात एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा अवशेष मिळाला, तशाच घडणीची एक हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेई येथे, ज्वालामुखीच्या राखेखाली सापडलेली होती, आणि त्या साम्यावरून ती मूर्ती आमच्या या बाजूच्या कारागिरांनी घडविलेली असावी असे काही संशोधक मानतात. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे आणि जगभरचे उतारू तिकीट काढून ती पाहतात. आमच्या भोकरदनच्या बसस्थानकावर उतरणाऱ्यांपैकी किती जणांना तिची वार्ता आहे? उलट भोगवर्धनच्या ज्या जुन्या रहिवाशांनी सांची आणि भरहुतच्या स्तूपांना दान दिले, त्यांनी तेथल्या दगडावर आपल्या नावाबरोबर गावाचे नाव कोरून ठेवले. त्यांचे गाव पाहण्यासारखे होते की नाही हे त्यांनी कोणा वकिलास विचारल्याचे त्या लेखांत नमूद नाही.

सबब, वकीलसाहेबांचा फैसला मला मान्य नाही आणि त्यावर अपील करण्याऐवजी मी त्यांना प्रत्यक्ष स्थळपाहणीस बोलावतो. येत्या रविवारी सकाळी सात वाजता गांधी चमनपाशी आम्ही चौघे उभे असू. या खेपेस यजमानपद त्यांचे, कारण जुन्या कोर्टाच्या आवारातील कोणता कट्टा कोणत्या मुनशीचा होता आणि तेथे कोणते खोटे मृत्युपत्र लिहिले गेले, हे जालन्यात त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नाही. नियम त्यांना लागू राहतील, चहाचे सुटे पैसे जवळ असू द्यावेत. पिण्याचे पाणी घरून भरून आणावे. रविवारी आमच्या भागात नळाची पाळी नाही.